पत्रा, गंज आणि कार्बाइड

वाशीच्या एपीएमसी मार्केटचं नाव बातम्यांत आलं की बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं. कांद्याचा भाव, नाहीतर आंब्यातलं कार्बाइड. कागदाच्या पुडीत बांधून पेटीत ठेवलेला एक करडा खडा. हवेतला दमटपणा लागला की त्यातून गॅस सुटतो आणि कच्चा आंबा दोन-तीन दिवसांत वरून पिवळाधमक होतो, आतून आंबटढाण राहतो. या खड्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून फळं अशी पिकवायला कायद्याने बंदी आहे. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांतही ती स्पष्ट लिहिलेली आहे. आता त्या जागी इथिलिनच्या खोल्या आल्या.

पण हा खडा आंब्यासाठी बनलेलाच नव्हता. त्याची खरी जागा गॅरेजमध्ये आहे. इन्स्टाग्रामवर गंजून चाळणी झालेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे रील्स तुम्ही पाहिले असतील: साठ सेकंदांत गंज कापला, पत्रा जोडला, लाल रंग मारला, गाडी तयार. त्या मधल्या 'पत्रा जोडला' या दोन शब्दांत सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात या खड्यापासून होते.

१८९२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये थॉमस विल्सन नावाचा माणूस विजेच्या भट्टीत अल्युमिनियम स्वस्तात काढायच्या मागे लागला होता. चुना आणि कोळशाचा प्रकार भट्टीत घातला, हवा तो धातू मिळाला नाही, हा खडा मिळाला. पाण्यात टाकला तर गॅस निघाला आणि तो लख्ख जळला. तो ॲसिटिलीन. सुरुवातीला त्याचा उपयोग दिव्यांसाठी झाला. पहिल्या मोटारींचे पुढचे दिवे याच गॅसवर चालत: एका डब्यात कार्बाइड, वर पाण्याचा थेंब थेंब, आणि नळीतून गॅस दिव्यात. म्हणजे मोटारीशी कार्बाइडचं नातं आंब्याच्या आधीचं आहे.

मग १९०३मध्ये फ्रान्समध्ये फुशे आणि पिकार या दोघांनी ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन एकत्र जाळणारी टॉर्च बनवली. तिची ज्योत तीन हजार अंश सेल्सियसच्या वर जाते आणि पोलाद दीड हजाराच्या आसपास वितळतं. पत्र्याच्या दोन कडा वितळवून एकमेकींत मिसळवता येऊ लागल्या. गॅस सिलिंडरमध्ये भरणं मात्र जिवावरचं काम होतं, कारण ॲसिटिलीन दाबलं की ते आपणहून स्फोट पावतं. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन याने सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ आणि ॲसिटोन भरून तो प्रश्न सोडवला. १९१२ साली अशाच एका प्रयोगात झालेल्या स्फोटात त्याचे डोळे गेले, आणि त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या गॅस वेल्डरला सिलिंडर परवडत नसे, म्हणून तो साइटवरच गॅस बनवायचा. लोखंडी टाकी, आत पाणी, वरून कार्बाइड. दुकानाच्या बाजूला गटारात पांढरा गाळ साचलेला दिसायचा, तो उरलेला चुना. आणि हवेत लसणासारखा वास. शुद्ध ॲसिटिलीनला जवळजवळ वास नसतो. तो वास आतल्या फॉस्फीनचा, म्हणजे ज्या अशुद्धीमुळे आंब्यात कार्बाइड विष ठरतं तिचाच. (खरा लसूण एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटमध्ये मिळतो, तो वेगळा.)

या टॉर्चच्या आधी मोटारीचं शरीर सुतार बनवत असे. लाकडी सांगाडा, त्यावर ठोकलेला पत्रा, आणि हे सगळं खाली एका भक्कम चॅसीवर बसवलेलं. गंज लागला तर पत्रा बदला, लाकूड कुजलं तर लाकूड बदला, चॅसी जागच्या जागी. एमजी टीसी ही दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९४९पर्यंत याच पद्धतीने बनत होती.

हे आजही डोळ्यांनी पाहायचं असेल तर एपीएमसीत येणारा ट्रक बघा. १९८१मध्ये मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार इथे आला, १९९६मध्ये फळं आणि भाजी. तेव्हापासून या पट्ट्यात ट्रक कधी थांबलेले नाहीत. ट्रकची चॅसी कारखान्यातून येते, बॉडी बाहेर बांधली जाते. ओली भाजी, शेजारी ठाण्याची खाडी, चार महिने पाऊस. फळीवरचा पत्रा सडतोच. मग वेल्डर येतो, फाळक्याला चार रॉड मारतो, आणि ट्रक संध्याकाळी परत नाशिकच्या वाटेला. इथे गंज हा खर्चाचा भाग आहे, डिझेलसारखा. तो बॉडीला खातो, ट्रकला खात नाही.

कारचं गणित मात्र मधेच बदललं. अमेरिकेत एडवर्ड बड याच्या कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लाकूड काढून टाकून सगळी बॉडी वेल्ड केलेल्या पोलादाची करायला सुरुवात केली. त्याचं सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे डॉज. पुढची पायरी अशी की बॉडीच इतकी मजबूत करायची की चॅसीची गरजच उरू नये. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून गाडीचा भार त्यांच्यावरच टाकायचा. याला मोनोकॉक म्हणतात. १९३४ची सित्रोएन हे त्याचं गाजलेलं उदाहरण. इटलीत १९५३ साली आलेली नवी फियाट ११०० तशीच होती.

आणि ती फियाट आपल्या कुर्ल्यात आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७पासून तिथे डॉज आणि प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या, आणि १९५०च्या दशकात ही ११००. तिच्या फुगीर पाठीमुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं. पुढे चौकोनी डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४मध्ये पद्मिनी. मुंबईच्या समुद्राच्या खाऱ्या हवेत हजारो मोनोकॉक गाड्या दिवसरात्र टॅक्सी म्हणून धावू लागल्या, आणि त्यांच्या मागे डेंटरांची एक अख्खी जमात उभी राहिली. मला वाटतं, भारतात मोनोकॉकचा गंज सगळ्यात जास्त कुणी हाताळला असेल तर तो या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डेंटरने. संग्राहकांनी नव्हे.

स्पोर्ट्स कारच्या माणसाने त्याच्याकडून काय शिकावं, हे कळायला गंज कुठे बसतो ते पाहू. ब्रिटिश एमजीबी १९६२ साली आली, १९८०पर्यंत पाच लाखांवर बनली. उघड्या टपाची, दोन सीटांची. टप नाही, म्हणजे गाडीला वरून आधार नाही. सगळी ताकद दरवाज्याखाली आडव्या जाणाऱ्या पोकळ पट्टीत, जिला सिल म्हणतात. एमजीबीत ती बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतली पेटी अशा थरांची असते. हे थर स्पॉट वेल्डने, म्हणजे थोड्या थोड्या अंतरावर दाबून जोडलेल्या ठिपक्यांनी धरलेले. दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीत पाणी ओढलं जातं, जसं ते बिस्किटात चढतं. तिथे हवा कमी, ओल जास्त, खारेपणा असेल तर गंजाला आमंत्रणच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो पत्रे आतून फाकवतो. बाहेर रंगाला फक्त एक फोड येतो. नखाने दाबला तर आत भोक.

आता इथे फाळक्याचा न्याय लावला तर काय होईल? ट्रकची फळी कापतात तशी सिल कापली की एमजीबी मधून वाकते. काम संपल्यावर दरवाजा लागत नाही, आणि तो कधीच लागणार नसतो. म्हणून अनुभवी माणूस कापायच्या आधी दरवाज्याच्या पोकळीत आडवा पाइप वेल्ड करून ती ताणून धरतो, गाडीचा भार सारखा वाटला आहे ना ते बघतो, दरवाज्याभोवतीच्या फटी मोजून ठेवतो. एका वेळी एकच बाजू. पेट्रोलची टाकी गाडीबाहेर, बॅटरी सुटी. रीलमध्ये हा भाग कधीच नसतो, कारण त्यात बघण्यासारखं काही घडत नाही.

जोडण्याचं हत्यारही वेगळं. ट्रकच्या जाड पत्र्याला चालणारा आर्कचा रॉड कारच्या मिलिमीटरभर पत्र्याला लावला तर तो सरळ भोक पाडतो. म्हणून पूर्वी गॅस, आणि आता सीओटू: बारीक तार आपोआप पुढे येते आणि भोवती कार्बन डायऑक्साइडचं आवरण राहतं. ही पद्धत १९५०च्या दशकात तयार झाली. तिने उष्णता थोड्या जागेत राहते. तरीही सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग परत, नाहीतर पत्रा पापडासारखा लहरतो. स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती भरत जायची, म्हणजे जोड मूळ जोडासारखा वागतो. ट्रकसाठी आणलेला जीआय पत्रा स्वस्तात मिळतो म्हणून वापरला तर जस्ताचा धूर छातीत जाऊन रात्री ताप भरतो. कडेचं जस्त आधी घासून काढावं लागतं.

गॅसने पत्रा जास्त तापतो, वाकतो, हे खरं. पण गॅसचा जोड मऊ राहतो. त्यावर मागून डॉली धरून हातोडी मारली की तो पसरतो आणि सपाट होतो, शेवटी जोड कुठे होता ते बोटाला लागत नाही. सीओटूचा टाका कडक असतो, तो घासावा लागतो. म्हणून जुन्या हाताचा डेंटर उघड्या पत्र्यासाठी गॅसच पसंत करायचा. सांध्यावरचा खळगा भरायला पूर्वी शिसं आणि कथलाचा मिश्रधातू वापरत. आधी पत्रा साफ करून त्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा, मग वर भर. कल्हईवाल्याचं काम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना यात काही नवीन वाटणार नाही: तोच नवसागर, तीच तापलेली चमक.

मग पॉलिएस्टरची लांबी आली. दोन ट्यूब मिसळा, थापा, अर्ध्या तासात घासा. स्वस्त, झटपट, आणि या धंद्यातली निम्मी फसवणूक तिच्यामुळेच शक्य झाली. लांबी वाईट नाही. नीट जोडलेल्या पत्र्यावर मिलिमीटरभर थर कुणीही लावतो. पण गंजलेल्या सिलमध्ये जाळी कोंबून वर लांबी थापली की गाडी प्रदर्शनात उभी राहते आणि बाजूने धडक बसली की मिटते. म्हणून जुनी गाडी घेताना लोक लोहचुंबक घेऊन जातात. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही. माझ्या मते लांबीखाली लपवलेला सडका सिल विकणं आणि कार्बाइडचा आंबा विकणं यात फार फरक नाही.

ब्रिटनमध्ये या सगळ्याला एक पळवाट निघाली. १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्या साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी दाबून विकू लागली. सडलेली गाडी आणा, इंजिन-चाकं उचलून नव्या कवचात बसवा. पद्मिनीसाठी असं कुणी केलं नाही. इथे ज्याला जे हवं ते सपाट पत्र्यातून, मोगरी आणि वाळूच्या पिशवीवर ठोकून काढलं गेलं, नाहीतर कुर्ल्याच्या भंगारातून दुसऱ्या गाडीचं कापून आणलं गेलं. २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर डेंटरचं रोजचं काम गेलं. नव्या गाड्यांचं पोलाद असं असतं की गॅसची धग लागली की त्याची ताकद जाते. त्यांना अख्खा भागच बदलतात. हात मोकळे झाले, आणि जुन्या स्पोर्ट्स कार दुरुस्त करणाऱ्यांना नेमके तेच हात हवे आहेत. त्यातले बरेच आता साठीच्या पुढचे.

यात कायद्यानेही एक पेच टाकला आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, रोजच्या वापराला मनाई. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्या चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरबदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. मोनोकॉक गाडीत बॉडी शेल हीच चॅसी. मग सिल बदलणं हा फेरबदल की दुरुस्ती? मी तरी याला दुरुस्तीच म्हणेन, कारण आकार, थर आणि जोडाची जागा मूळचीच राहते. आणि सिल न बदलता ती गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा ठरायला हवा. उद्या कुणी मोटार जास्त लांब दिसावी म्हणून शेल मधून कापला, तर तो फेरबदल.

जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, फिवाने, २०१२मध्ये ट्यूरिन चार्टर नावाची सनद मंजूर केली. तिचा आग्रह आधी जपण्यावर आहे, नवं करण्यावर नंतर, आणि बदललेल्या भागावर कायमची खूण असावी असं ती सांगते. हाताने ठोकलेल्या सिलवर वेगळा शिक्का मारायची गरज पडत नाही. बाहेरून घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला हातोडीचे ठसे तसेच राहतात. कार्पेट उचलून टॉर्च मारली की दिसतात.