मूळ दप्तर आणि त्याच्या नकला

गोरेगाव १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्या साली मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. पहाडी गोरेगावची जमीन जागची हलली नाही. बदलला तो दप्तराचा धनी. लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हाच दप्तराच्या इतिहासातला खरा प्रश्न होय.

तलाठ्याच्या दप्तराची रीत पाहा. बदल थेट सातबारावर चढत नाही. तो आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत लिहितात. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, मग नोंद मंजूर होऊन सातबारा बदलतो. उतारा कितीही जणांनी न्यावा. त्यावर लिहिण्याची मुभा कोणालाच नाही.

संगणकाच्या कोठारांनीही हीच वाट धरली. मूळ ठिकाणी प्रत्येक बदलाची क्रमवार रोजनिशी राहते. दूरच्या नकला ती वाचून आपली कोष्टके तशीच बदलतात आणि फक्त वाचणाऱ्यांना उत्तरे देतात. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २००० साली आली. पोस्टग्रेसमध्ये २०१० पासून नक्कल अद्ययावत होत असतानाच ती वाचताही येऊ लागली. दोन ठिकाणी लिहू दिले, तर एकाच शेताचे दोन मालक व्हायचे! मूळ बंद पडल्यास एखाद्या नकलेला धनी करता येते; मात्र तोवर न पोचलेल्या नोंदी हरवण्याची भीती असते. प्रत्येक नोंदीला नकलेची पोच येईपर्यंत थांबावे, तर काम रेंगाळते. न थांबावे, तर नक्कल मागे राहते.

हे मागे राहणे आम्ही युनियनच्या कचेरीत पाहिले आहे. कोकणातला एक कामगार पेटीतून उतारा घेऊन आला. सही होती, शिक्का होता, वडिलांचे नाव होते. "भाऊ, शिक्का खरा आहे ना?" त्याने विचारले. शिक्का खराच होता. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. मधल्या काळात वडील वारले, वारसाच्या फेरफारात गावच्या भावाचे एकट्याचेच नाव लागले. नोटीस गावच्या घरी गेली. हा इथे पाळीवर.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. तो त्याच दुपारी काढला. त्यावरचा फेरफार क्रमांक टिपून घेतला आणि त्या नोंदीची नक्कल मागणारा अर्ज लिहायला बसलो. अपिलाची मुदत टळलेली होती; उशीर माफ व्हावा म्हणून त्याची हजेरीपत्रके जोडायची ठरली.