सोमवारची डोकेदुखी

नायट्रिक ऑक्साइडचा इतिहास बहुधा आल्फ्रेड नोबेलच्या किश्शाने सुरू होतो. डायनामाइटवर गडगंज झालेल्या या माणसाला उतारवयात हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी त्याला औषध म्हणून नायट्रोग्लिसरीनच सुचवले. ऑक्टोबर १८९६मध्ये सहकारी राग्नार सोलमान याला लिहिलेल्या पत्रात नोबेलने स्वतःच हा दैवाचा खेळ नोंदवला आणि १० डिसेंबरला तो वारला. किस्सा चांगला आहे, पण मला तो अपुरा वाटतो. या वायूबद्दलची सर्वांत बोलकी साक्ष कारखानदाराच्या नव्हे, कामगारांच्या शरीरांनी दिली होती. ती नीट वाचायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८४७मध्ये तुरिनच्या आस्कानिओ सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन तयार केले आणि त्याचा कण जिभेला लावताच डोके ठणकू लागते, हे नोंदवून ठेवले. पुढे स्फोटकांच्या कारखान्यांत हाच अनुभव शेकडोंच्या वाट्याला आला. सोमवारी कामावर येताच डोके फुटायला लागे. आठवडा सरता सरता शरीर सरावे. रविवारच्या सुटीत ती सवय मोडे आणि सोमवारी पुन्हा तेच. सराव टिकावा म्हणून काही कामगार सुटीच्या दिवशी टोपीच्या पट्टीत नायट्रोग्लिसरीन लावून ठेवत. काहींना मात्र नेमक्या सुटीच्याच काळात छातीत कळा येत. म्हणजे हा पदार्थ रक्तवाहिन्या सैलावतो, शरीर त्याला सरावते आणि तो अचानक बंद झाला तर धोका उद्भवतो, या तिन्ही गोष्टी कारखान्याच्या फाटकाशीच दिसत होत्या.

डॉक्टरांनी यातली पहिली गोष्ट उचलली. लंडनच्या विल्यम मरेलने नायट्रोग्लिसरीनचे सौम्य द्रावण आधी स्वतः चाखून पाहिले आणि १८७९मध्ये हृदयशूळावरचा उपाय म्हणून ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. गुण येत होता, पण का येतो हे कोणालाच सांगता येत नव्हते.

हे कोडे सुटायला १९७७ उजाडले. फरीद मुराद यांनी दाखवले, की नायट्रोग्लिसरीनसारखी औषधे नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि तो ग्वानिलेट सायक्लेज हे विकर जागे करतो. त्यातून तयार होणाऱ्या चक्रीय जीएमपीमुळे वाहिनीचा स्नायू सैलावतो. १९८०मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांना सशाच्या महाधमनीत आढळले, की ॲसिटिलकोलीनने धमनी सैलावण्यासाठी तिचे आतले नाजूक अस्तर शाबूत असावे लागते. ते घासले गेले, की परिणाम नाहीसा होतो. म्हणजे अस्तरातून स्नायूकडे काहीतरी निरोप जात होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच असावा, असे १९८६मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे सुचवले. १९८७मध्ये साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने आणि इग्नारो यांनी त्याचे पुरावे प्रसिद्ध केले. १९९८चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. मूळच्या होंडुरासच्या मोंकादांचे नाव त्यात नव्हते, आणि ती चर्चा अजून थांबलेली नाही.

ज्याला आपण गाडीच्या धुरातले प्रदूषक म्हणून ओळखतो, तो वायू पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवते. त्याला ना साठवणीची कोठी लागते, ना दार. पटल ओलांडून तो शेजारच्या पेशीत शिरतो आणि काही सेकंदांत संपतो. मात्र तो मुक्त मूलक असल्याने त्याला एक वैरीही आहे. सुपरऑक्साइड हा दुसरा मूलक भेटला, की दोघे मिळून पेरॉक्सिनायट्राइट होते. निरोप वाटेतच हरवतो, आणि वर प्रथिने व मेद यांना इजा करणारे जहाल द्रव्य जन्मते. सुपरऑक्साइड हा निरोप खातो, हे १९८६मध्ये दिसले. पेरॉक्सिनायट्राइटची घातकता जोसेफ बेकमन आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये पुढे आणली. ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ या शब्दांमागे दडलेला एक झगडा हा असा आहे.

मला कारखान्याकडे परत नेणारा दुवा इथेच सापडतो. १९९५मध्ये थॉमस म्युन्झेल आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांत दाखवले, की नायट्रोग्लिसरीन सतत दिल्यास वाहिनीच्या भिंतीतच सुपरऑक्साइड वाढते आणि औषध बोथट होते. २००२मध्ये आणखी एक बाजू कळली. औषधातून गुणकारी अंश मोकळा करणारे मायटोकॉन्ड्रियातले विकरही त्या वापराने निकामी होत जाते. सरावलेल्या कामगाराचे डोके शनिवारी का दुखत नसे, याचा रासायनिक खुलासा असा सव्वाशे वर्षांनी हाती आला.

आपल्याकडे ‘जिभेखालची गोळी’ म्हणून घरोघरी ठाऊक असलेली सॉर्बिट्रेट याच कुळातली. या कुळातली औषधे रोज घ्यायची असतील, तर डॉक्टर दिवसातले काही तास मुद्दाम औषधाविना ठेवतात, म्हणजे वाहिनी पुन्हा प्रतिसाद देऊ लागते. हे मोकळे तास म्हणजे त्या कामगारांचा रविवारच. फरक एवढाच, की आता तो मोजून-मापून दिला जातो. कारण सुटीच्या दिवशी छातीत येणारी कळही त्याच साक्षीत होती.