घरांतील हवेची मोजदाद

मंडणगड तालुका हा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, सावित्री नदीकांठचा मुलूख. आषाढ-श्रावणांत तेथें पावसाची अशी झड लागते कीं, दारें-खिडक्या मिटून बसण्यावांचून गत्यंतर नसतें. अशा दिवसांत ओलसर लांकडांची चूल फुंकणाऱ्या गृहिणीला धूर दिसतो. परंतु त्या धुराचा जो अंश डोळ्यांना दिसतच नाहीं, त्याचा हिशेब कसा मांडावा?

या प्रश्नाचें पहिलें उत्तर 1888 सालीं स्कॉटलंडमधील जॉन एटकिन या शास्त्रज्ञानें दिलें. बाष्पाचा थेंब बनण्यास एखाद्या कणाचा आधार लागतो, हें त्यानें ओळखलें होतें. ओलाव्यानें भरलेली हवा पंपानें एकदम प्रसरण पाववली कीं ती थंड होते, कणाकणावर थेंब धरतो आणि आंखलेल्या चांदीच्या पट्टीवर पडतो. भिंगांतून थेंब मोजले कीं कण मोजले गेले! एका घनसेंटिमीटरमध्यें बाहेरच्या पावसाळी हवेंत 32,000, कोरड्या हवेंत 1,30,000, ग्यास जळत असलेल्या खोलींत 18,60,000, आणि त्याच खोलींत छताजवळ 54,20,000 कण त्याला आढळले.

पुढें मोजणीची जागा वजनानें घेतली. 1983 सालीं कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनीं गुजरातेंतील खेड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. चुलीपाशीं बसलेल्या स्त्रियांच्या श्वासांत दर घनमीटर हवेमागें सरासरी 7 मिलिग्रॅम कण जात होते. या आंकड्यानें चुलीच्या धुराकडे जगाचें लक्ष वेधलें. तरी वजनाचा कांटा येथें अपुरा पडतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्याही दहाव्या भागाहून लहान ते अतिसूक्ष्म कण. दहा मायक्रॉनचा एक कण आणि दशांश मायक्रॉनचे दहा लाख कण यांचें वजन सारखेंच!

1 मे 2016 रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि देशांतील कोट्यवधि घरीं ग्यास आला. भांड्यांची काजळी गेली, डोळ्यांची आग थांबली. हा लाभ लहान नव्हे. परंतु निळ्या ज्योतींतून आणि तापल्या तेलांतूनही अतिसूक्ष्म कण निघतातच. शिवाय ग्यास आल्यावरही कोंकणांत आंघोळीचें पाणी पुष्कळ ठिकाणीं लांकडांवरच तापतें. जागतिक आरोग्य संघटनेनें 2021 सालीं या कणांसाठीं मर्यादा ठरविली नाहीं. मात्र दिवसभराची सरासरी दर घनसेंटिमीटरला 10,000 हून अधिक असल्यास ती जास्त समजावी, असें सुचविलें. आजच्या गणकयंत्रांत पाण्याऐवजीं बहुधा मद्यार्काची वाफ आणि भिंगाऐवजीं प्रकाशाचा झोत असतो, तत्त्व एटकिनचेंच.

चुलीपेक्षां ग्यास निःसंशय बरा. पण धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा निर्मळ झाली, हा समज एटकिनच्या त्या धूर नसलेल्या खोलीनेंच खोटा ठरविला आहे. गणकयंत्र घरोघरीं येणें कठीण. परंतु फोडणीच्या वेळीं, ऐन पावसांतही, झडीची बाजू सोडून दुसऱ्या बाजूची खिडकी उघडणें कोणत्याही घरास अशक्य नाहीं.