शेपटीचा इतिहास

इंग्रजीत रांगेला ‘क्यू’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ शेपूट. टॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखकाने १८३७ साली फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहिला, तेव्हा पॅरिसच्या पाववाल्यांपुढे लागणाऱ्या या शेपट्यांचं त्याला भारी नवल वाटलं. असं एकामागे एक उभं राहण्याची कला ही पुढे पॅरिसकरांची खास ओळख ठरेल, असं त्याने काहीशा थट्टेच्या सुरात लिहून ठेवलं.

मग ही शेपूट ब्रिटिशांना कधी फुटली?

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, लोणी-मार्गारिनसाठी ब्रिटनमध्ये रांगा लागल्या आणि पुढच्या वर्षी सरकारला रेशन आणावं लागलं. पण खरी तालीम झाली ती दुसऱ्या महायुद्धात. ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखर रेशनवर गेली. पाठोपाठ चहा गेला. माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. मोठ्यांचं रेशनबुक पिवळट, पाच वर्षांखालच्या मुलांचं आणि गरोदर बायकांचं हिरवं. प्रत्येक घराने आपला वाणी ठरवून तिथे नाव नोंदवायचं.

गंमत अशी की रेशनच्या मालाचा वाटा निदान ठरलेला तरी होता. बायकांचा जीव जायचा तो रेशनबाहेरच्या वस्तूंसाठी. मासळी, कांदे, संत्री, सॉसेज. काय, कधी आणि किती येईल याचा भरवसा नाही. म्हणून रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढचीला विचारायचं, “कशाची आहे हो?” रेशनच्या दुकानापुढे पिशवी ठेवून नंबर लावलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

आणि हे सगळं हसतमुखाने चाललं होतं, असं मुळीच नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी फळीखाली राखून ठेवलेल्या मालावरून कुरबुरी होत. १९४५ मध्ये आयरीन लव्हलॉक या पाद्र्याच्या पत्नीने रांगांना वैतागून गृहिणींची संघटनाच उभी केली. युद्ध संपल्यावर तर कहर झाला. युद्धात कधी रेशनवर न गेलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला. त्याच वर्षी जॉर्ज मिकेश या हंगेरियन लेखकाचं ‘हाऊ टू बी ॲन एलियन’ निघालं आणि इंग्रजांच्या रांगवेडाची त्याने उडवलेली खिल्ली जगभर गेली. जॉर्ज ऑर्वेलनेही त्याच सुमारास इंग्रजी गर्दीच्या शिस्तीची नोंद केली. बायका पाय दुखेपर्यंत उभ्या होत्या आणि इकडे त्यांच्या नाइलाजाला राष्ट्रीय स्वभावाचं नाव मिळत होतं.

राजकारण्यांना तो स्वभाव वगैरे वाटत नव्हता. १९५० मध्ये चर्चिलने मजूर पक्षाच्या समाजवादाला ‘क्यूटोपिया’ म्हणून हिणवलं. शेवटी ४ जुलै १९५४ ला मांस खुलं झालं आणि रेशन संपलं. पण प्रचारातली रांग संपली नाही. १९७८ मध्ये हुजूर पक्षाने बेरोजगारांच्या लांबलचक रांगेचं पोस्टर काढलं. फोटोसाठी लंडनमधल्या हेंडनचे तरुण कार्यकर्ते बोलावले होते. आले जेमतेम वीस. त्यांचेच पुन्हापुन्हा फोटो काढून, ते जोडून ती रांग लांबवली!

सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथच्या अंत्यदर्शनाला टेम्सच्या काठाने मैलोन् मैल रांग लागली. मध्येच शौचालयाला जाऊन परत आपल्या जागी येता यावं म्हणून प्रत्येकाच्या मनगटाला नंबरची रंगीत पट्टी. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम बारा तासांहून अधिक उभा राहिला आणि देशाने त्याला डोक्यावर घेतलं. त्याच आठवड्यात दोन टीव्ही निवेदक रांग टाळून आत गेल्याची आवई उठली. केवढा गहजब! ते वार्तांकनासाठी गेले होते, असा खुलासा त्यांच्या कार्यक्रमाला करावा लागला, तरी लोकांचा राग काही लवकर उतरला नाही.