सर फ्रान्सिस बर्डेट : एका बंडखोर जमीनदाराची गोष्ट

१/
१७९६. डर्बीशायरच्या जमीनदार घराण्याचे वारस आणि धनाढ्य बँकर थॉमस कूट्स यांचे जावई फ्रान्सिस बर्डेट ब्रिटिश संसदेत दाखल झाले. बरोब्रिजची ती जागा पैसे मोजून मिळवलेली होती.

२/
हे तेव्हा सर्रास चाले. मूठभर मतदारांच्या गावांवर उमरावांचा कब्जा असे. मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला मात्र स्वतःचा एकही खासदार नव्हता. बर्डेट यांनी याच व्यवस्थेवर हल्ला चढवला.

३/
१८१०. जॉन गेल जोन्स या वक्त्याला कॉमन्स सभागृहाने परस्पर तुरुंगात धाडले. हे बेकायदा आहे, असे बर्डेट यांनी छापून जाहीर केले. मग त्यांच्याच अटकेचा हुकूम निघाला. पिकॅडिलीतील घराची दारे लावून ते आत राहिले. बाहेर समर्थकांची गर्दी उसळली. अखेर सैनिकांनी घरात घुसून त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये नेले.

४/
१८१९. मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ सोडण्यात आले. बर्डेट यांनी जाहीर पत्राने निषेध केला. त्याबद्दल त्यांना तीन महिने कैद आणि २,००० पौंड दंड झाला.

५/
१८३२ च्या सुधारणा कायद्याने मँचेस्टरला दोन खासदार दिले आणि बरोब्रिजची जागा कायमची रद्द केली. ज्या दाराने बर्डेट आत आले, तेच बंद झाले.

६/
१८३७ मध्ये ते कॉन्झर्वेटिव्ह बाजूस गेले. जुने सहकारी संतापले. परंतु बर्डेट यांना नवे राज्य कधीच उभारायचे नव्हते. मॅग्ना कार्टापासूनचे जुने हक्क परत हवे होते. त्यांचे बंड तिथेच सुरू झाले आणि तिथेच थांबले. १८४४ मध्ये त्यांचे निधन झाले.