कॅसेटमधला मुशायरा पेनड्राइव्हवर कोण आणणार?

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले. त्या काळच्या तबकडीवर एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास गाणे मावत असे. हळूहळू रंगत जाणारी कव्वाली किंवा रात्रभर चालणारा मुशायरा त्या मापात बसणे शक्यच नव्हते. शिवाय ग्रामोफोनवर फक्त ऐकता येई. काय ऐकायचे, हे कंपनी ठरवत असे.

१९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि हे चित्र पालटले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या प्रत्येक बाजूला ४५ मिनिटे मिळत. मुख्य म्हणजे टेपरेकॉर्डर ऐकवत असे, तसेच टिपूनही घेत असे. ऐंशीच्या दशकात भारतात कॅसेट स्वस्त झाली. मीलादची नात, मौलानांचे वाज, लग्नातली गाणी, गावचा मुशायरा, सारे काही घरच्या घरी टिपता येऊ लागले. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि दिवाणखान्यातली कॅसेट खिशातही वाजू लागली. घर आणि खिसा यांची पहिली गाठ तेव्हाच पडली.

चित्रांच्या बाबतीतही तसेच घडले. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमागांच्या मालेगावात व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ बनवला. पाहणारे गाव दाखवणारे झाले.

पुढे एमपी३ आले. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये हजार गाणी मावत. मग डीव्हीडी प्लेअर आणि टीव्हीला यूएसबीची खाच आली. आज मोबाइल, टीव्ही आणि गाडी, सगळीकडे एकच फाइल वाजते.

पण या सोयीत एक चाळणी आहे. कंपन्यांनी काढलेली कव्वाली नव्या रूपात परत येते, कारण तिला मालक आहे, बाजार आहे. घरी टिपलेल्या मुशायऱ्याला दोन्ही नाहीत. आपल्या बुजुर्गांची दखनी, त्यांचे उर्दू-मराठी मिसळलेले बोलणे पुस्तकांत फारसे उतरलेले नाही. ते अशा फितींवर असेल, तर दमट कपाटात त्यांना बुरशी लागते आहे.

उपाय अवघड नाही. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही चकत्या आधी मोडाव्यात, म्हणजे चुकून पुसले जाणार नाही. मग टेपरेकॉर्डर वायरने संगणकाला जोडून पूर्ण कॅसेट वाजवावी. दीड तासाच्या कॅसेटला दीड तास लागतोच. फाइलला गाव, साल आणि बोलणाऱ्याचे नाव द्यावे. तो आवाज कोणाचा, हे ओळखणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम उरकायला हवे.