टायटल्स पडत होती तेव्हा…

१९८० साली 'दो और दो पाँच' आला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. शेजारच्या खोलीतले काका एका स्टुडिओत जाहिरातींच्या कार्टून फिल्मसाठी रंग भरायचं काम करत. रविवारी ओडियनला जाणार म्हटल्यावर त्यांनी मला गॅलरीत थांबवलं. म्हणाले, "अमिताभ-शशी कपूर नंतर बघच रे, पण टायटल्स चुकवू नकोस. सगळी कार्टूनमध्ये आहेत."

आणि नेमकी तीच चुकली. अब्बांना कामावरून यायला उशीर झाला. अंधारात खुर्च्या चाचपडत बसलो तेव्हा पिक्चर सुरू झालेला. मी रडवेला झालो. अब्बा म्हणाले, "अरे, फक्त नावंच तर गेली! नावं कोण बघतं?"

दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "कशी होती?" मी म्हणालो, "एकदम झकास!"

ती टायटल्स राम मोहन यांनी केली होती. १९५६ साली ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. तिथे शिकवायला क्लेअर वीक्स नावाचे डिस्नेकडे काम केलेले गृहस्थ अमेरिकेहून आले होते. त्या विभागाचा पहिला महत्त्वाचा चित्रपट 'द बॅनियन डिअर' १९५७ सालचा, जातककथेवरचा. पुढे राम मोहन तिथून बाहेर पडले आणि आपल्या मोठ्या पडद्यावर एक मजेशीर गोष्ट घडू लागली. माणसांच्या चित्रपटात मध्येच दोन-तीन मिनिटं चित्रं हलू लागायची.

मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'मध्ये (१९६९) रेल्वेच्या करड्या साहेबाची थट्टा करायला हे तंत्र वापरलंय. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'त (१९७७) तर त्याला इतिहासाचा दंश आहे. लॉर्ड डलहौसीनं अवधला एका पत्रात चेरी म्हटलं होतं, एक दिवस आपोआप आपल्या तोंडात पडेल अशी. ती चेरी चित्रांतून दिसते आणि आपण हसतो. साताऱ्याचं राज्य १८४८ साली आणि नागपूरचं १८५४ साली याच डलहौसीनं खालसा केलं, हे आठवलं की मराठी माणसाचं हसू जरा अडखळतं. या दोन्ही चित्रपटांत निवेदनाचा आवाज अमिताभचा आणि हलती चित्रं राम मोहन यांची. आवाज आपण अर्ध्या सेकंदात ओळखतो. हात कुणी ओळखत नाही.

आता एक मिनिट अमेरिकेत जाऊ. १९६३ साली 'द पिंक पँथर' नावाचा चित्रपट आला. त्यात पिंक पँथर हे एका हिऱ्याचं नाव आहे. प्राणी कुठेच नाही. पण टायटल्ससाठी फ्रिझ फ्रेलेंग आणि डेव्हिड डिपॅटी यांच्या स्टुडिओनं एक लांबलचक गुलाबी चित्ता काढला. लोक त्याच्यावरच फिदा झाले. पुढच्याच वर्षी त्या चित्त्याला स्वतःचा सहा-सात मिनिटांचा विनोदी चित्रपट मिळाला, 'द पिंक फिंक'. एक बुटका माणूस घर निळं रंगवतोय आणि चित्ता मागून गुलाबी करतोय, एवढीच गोष्ट. त्याला ऑस्कर मिळालं. मग शंभराहून अधिक असे चित्रपट निघाले. मूळ चित्रपट न पाहिलेली मुलंसुद्धा त्या चित्त्याला ओळखतात.

'दो और दो पाँच'मधले कार्टून अमिताभ आणि शशी मात्र टायटल्स संपली तिथेच संपले. का?

मला वाटतं, उत्तर आपल्या टॉकीजच्या वेळापत्रकात आहे. पिक्चरच्या आधीची जी दहा-पंधरा मिनिटं असतात, ती आपल्याकडे सरकारची होती. फिल्म्स डिव्हिजनचं वृत्तचित्र किंवा माहितीपट दाखवणं टॉकीजवाल्याला सक्तीचं होतं, वर त्याचं भाडंही द्यावं लागे. मग तो पदरचे पैसे घालून आणखी एक कार्टून कशाला घेईल? आणि विकत घेणारा नसेल तर निर्माता कशाला काढेल? दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, तिसाच्या दशकात 'प्रभात'नं 'जंबूकाका' केला. हौस आपल्याकडे पहिल्यापासून होती, बाजार नव्हता.

शिवाय खर्च बघा. सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी मिनिटाला सातशेवीस चित्रं. प्रत्येक चित्र पारदर्शक तावावर शाईनं उतरवायचं आणि उलट्या बाजूनं रंगवायचं. काकांचं काम हेच, उलट्या बाजूचं. त्यांच्या नखांतला रंग सणासुदीलाही निघत नसे. त्यांचं नाव पडद्यावर मी कधी वाचलं नाही. जाहिरातीत नावं नसतातच म्हणा.

हिंदी चित्रपटातली पात्रं कार्टून होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली ती टीव्हीच्या जोरावर. मुलांच्या वाहिन्यांना रोज नवं काही लागतं. २०१८ साली 'सिंघम'चा 'लिटल सिंघम' झाला, २०१९ साली 'गोलमाल'चा 'गोलमाल ज्युनिअर'. त्यातले गोपाळ आणि माधव शाळकरी पोरं आहेत, एकमेकांच्या खोड्या काढणारी. खरं सांगायचं तर मला त्यांची चित्रं गुळगुळीत वाटतात, राम मोहन यांच्या रेषेतला खट्याळपणा त्यांत नाही. पण माझं मत विचारतो कोण! आमच्या अंधेरीच्या भाचीचा मुलगा ते बघताना जेवण विसरतो.

राम मोहन २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, 'गोलमाल ज्युनिअर' आला त्याच वर्षी. काका त्याच्या कितीतरी आधी. ती चुकलेली टायटल्स मी पन्नाशीला टेकल्यावर भाचीच्या मोबाइलवर पाहिली. ती झकासच होती. माझं खोटं चाळीस वर्षांनी खरं निघालं, पण सांगणार कुणाला?

परवा अंधेरीला गेलो तेव्हा पोराचं कार्टून संपत होतं. खाली बारीक अक्षरांत नावं भराभर सरकत होती. मी चष्मा शोधत म्हटलं, "थांब रे, जरा वाचू दे."

त्यानं रिमोट उचलला. "नाना, संपलं ना ते! आता फक्त नावं आहेत."